फार हार्बरमधलं ‘बेस्ट’ एंडिंग मला का पटत नाही

पुढे स्पॉइलरच स्पॉइलर आहेत. डीएलसी (मूळ गेमला नंतर जोडलेलं जादा कथानक) 2016 चं आहे, त्यामुळे तक्रार चालणार नाही.

‘फॉलआउट 4’ या व्हिडिओ गेमच्या ‘फार हार्बर’ या डीएलसीचा विषय निघाला की नव्या खेळाडूला ठरलेला सल्ला मिळतो : तिन्ही गट जिवंत राहतात ते एंडिंग घे, तेच बेस्ट. माझ्या मते त्या अख्ख्या डीएलसीतली सगळ्यात काळीकुट्ट वाट तीच आहे. फक्त ती गोड बोलून समोर येते.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अणुयुद्धानंतरचं, अमेरिकेतल्या मेन राज्यातलं एक बेट, त्यावर किरणोत्सारी धुकं. बंदरावर कंडेन्सरच्या (धुकं अडवणाऱ्या यंत्रांच्या) भरवशावर तग धरून राहिलेली माणसं, डोंगरावर अकेडियात डीमा हा सिंथ (माणसासारखा यंत्रमानव) आणि त्याच्याकडे आश्रयाला आलेले इतर सिंथ, आणि जुन्या पाणबुडीतळावर अणूची भक्ती करणारे चिल्ड्रन ऑफ ॲटम. त्यांचा म्होरक्या टेक्टस.

डीमा शांत, समजूतदार, ऐकत राहावं असा. पण नको असलेल्या आठवणी त्याने स्वतःच्या डोक्यातून काढून त्या पाणबुडीतळावरच्या कॉम्प्युटरात ठेवून दिल्यात. त्या आपण उकरून काढतो (ब्लॉक रचायचं ते कंटाळवाणं कोडं सोडवत, असो) आणि कळतं की बंदराच्या खऱ्या कॅप्टन एव्हरीला डीमाने मारलं आणि तिच्या जागी हुबेहूब सिंथ बसवली. पुरावा म्हणून खऱ्या एव्हरीची कवटी आणि लॉकेट सापडतं. आत्ताच्या एव्हरीला यातलं काहीच ठाऊक नाही. बिचारी जीव तोडून गाव सांभाळतेय.

आणि मग डीमा सुचवतो, टेक्टसचंही असंच करू या. म्हणजे ज्या गुन्ह्याचा जाब विचारायला आपण आलो, त्याच गुन्ह्यात आपल्याला भागीदार करून घेतो. टेक्टसला मारा नाहीतर पळवून लावा, भक्तांच्या डोक्यावर तोतया बसतोच. याला लोक बेस्ट म्हणतात!

‘बाकीच्या वाटांनी गावंच्या गावं जातात, त्याचं काय?’ बरोबर आहे. कंडेन्सरला वीज देणाऱ्या पवनचक्क्या बंद केल्या की बंदर धुक्यात जातं, पाणबुडीतल्या अण्वस्त्राची किल्ली टेक्टसला दिली की भक्तांचा तळ उडतो. पण डीमाला गावासमोर कबुली द्यायला लावायची वाटही आहेच की. गावकरी त्याला मारतात. त्यानंतर बंदरावरच्या ॲलन लीसारखी चिडलेली माणसं अकेडियावर चालून जाणार की नाही, हे गावात तुमची पत किती यावर ठरतं. मरीनर या गावकरी बाईला तटबंदी वाढवायला मदत करण्यासारखी किरकोळ वाटणारी कामं आधी केली असतील, तर लोक तुमचं ऐकून थांबतात. अख्ख्या डीएलसीतलं सगळ्यात हुशार लेखन मला हेच वाटतं. ऐनवेळच्या एका डायलॉगवर नाही, आधी कुणासाठी राबलात त्यावर जीव वाचतात.

‘फॉलआउट 3’मधला कर्माचा आकडा चौथ्या भागात नाही, त्याचं मला दुःख नाही. पाप-पुण्याचं मीटर दिसलं की माणूस मीटर बघूनच खेळतो. माझी तक्रार वेगळी आहे. टेक्टस बदलल्यावर गेम जवळजवळ गप्पच बसतो. क्वेस्ट पूर्ण, एक्सपी (अनुभवाचे गुण) जमा, सगळे खूश. एखाद्या जुन्या भक्ताला शंका यायला हवी होती, तोतयाची जीभ कुठेतरी अडखळायला हवी होती. एव्हरीच्या बाबतीत लेखकांनी जी बोच ठेवली, ती इथे ठेवायला त्यांचं काय जात होतं?