कार्डाचे पैसे कुठे धरतात ते आधी विचारा
एका लेखात म्हटलंय, अमेरिकेत औषध कंपनीचं कोपे कार्ड (औषधाच्या बिलातला आपला वाटा भरणारं कार्ड) मिळालं की काळजी मिटली. अर्धंच खरं आहे हो. ह्यांच्या कॅन्सरच्या गोळ्यांचे पैसे चार महिने कार्डातून गेले. मे महिन्यात काउंटरवरची मुलगी स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली, कार्ड संपलं. आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम? जिथल्या तिथे! विमा कंपनीने कार्डाची रक्कम त्यात धरलीच नव्हती. याला 'कोपे ॲक्युम्युलेटर' म्हणतात, पॉलिसीत कुठेतरी बारीक अक्षरात असतं. काही राज्यांनी यावर बंदी आणलीय, पण नोकरीतल्या बऱ्याच विम्यांना ती लागू होत नाही. सासूबाई मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यावर, त्यांना हे कार्ड चालतच नाही. मात्र २०२५मध्ये पार्ट डीच्या (मेडिकेअरचा औषधांचा भाग) औषधांवरचा त्यांचा खर्च २००० डॉलरवर थांबला, शिवाय महिन्याचे हप्तेही पाडून मिळाले.