इवो जिमा बान्झायवर नाही, बोगद्यांवर लढलं

"इवो जिमावरचे जपानी सैनिक 'बान्झाय' ओरडत मशीनगनवर धावले, एकही जिवंत उरला नाही, सुरिबाची डोंगरावर अमेरिकी झेंडा लागला आणि बेट पडलं." दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या या जपानी बेटावर झालेल्या लढाईबद्दल हा मजकूर सगळीकडे फिरतोय. झेंडा लागला एवढं सोडलं, तर त्यातलं चित्र खरं नाही.

आधी झेंडा. अमेरिकेचे मरीन सैनिक १९ फेब्रुवारी १९४५ ला उतरले, झेंडा २३ ला लागला, लढाई मात्र २६ मार्चपर्यंत चालली. झेंडा उभारतानाच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रातल्या सहा सैनिकांपैकी तिघे पुढे याच बेटावर मारले गेले. सुरिबाची लवकर पडला, कारण त्याला उत्तरेकडच्या मुख्य ठाण्यांशी जोडणारा बोगदा अर्धवटच राहिला होता.

बान्झाय हल्ल्यांना, म्हणजे घोषणा देत उघड्यावर धावून जाण्याला, तर बेटावरच्या जपानी १०९ व्या डिव्हिजनचे प्रमुख लेफ्टनंट जनरल तादामिची कुरिबायाशी यांची सक्त मनाई होती. कुमक येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. माणूस जितका टिकेल तितका शत्रूचा वेळ जाईल, हा त्यांचा हिशेब. म्हणून शत्रूला पाण्यातच अडवायचा शिरस्ताही त्यांनी सोडला. मरीन उतरून किनाऱ्यावर दाटी होईपर्यंत बहुतेक तोफा जवळपास तासभर गप्प होत्या.

खरी लढाई जमिनीखाली तयार झाली. सुमारे १८ किलोमीटर बोगदे, बहुतेक कुदळीने खणलेले. आत गंधकाची वाफ आणि ६० अंशांपर्यंत उष्णता. एका माणसाला पाच-दहा मिनिटंच खणता येई, मग पाळी बदलायची. खडक मऊ, म्हणून कुदळ चाले. ज्वालामुखीची राख सिमेंटमध्ये कालवली की काँक्रीट चांगलं धरे. प्रत्येक ठाण्याला एकाहून जास्त तोंडं असत: एक स्फोटाने बुजलं, तर दुसरीकडून बाहेर. त्यामुळेच ज्वालाफेकीने 'साफ' केलेल्या ठाण्यातून मरीनांच्या पाठीवर पुन्हा गोळ्या येत. कच्चा दुवा होता पाणी. बेटावर नदी नाही, ओढा नाही. भिस्त साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर. टाक्या संपल्या की उत्तम बोगदाही निरुपयोगी.

एक गोष्ट मान्य करायला हवी: ८ मार्चच्या रात्री जपानी नौदलाच्या एका तुकडीने मनाई मोडून उघडा हल्ला केला. शेकडो मेले, हाती काही लागलं नाही. २६ मार्चच्या पहाटेचा शेवटचा हल्ला मात्र आरडाओरड न करता, विमानतळाजवळच्या तंबूंवर चाल करून झाला.

आणि 'एकही उरला नाही'? सुमारे २१,००० पैकी २१६ जण लढाईतच कैद झाले. शेवटचे दोघे बोगद्यांतून बाहेर आले ते जानेवारी १९४९ मध्ये.