दुपारी सावली बंद

"यात बांधकाम कुठाय?" नानांनी विचारलं, आणि तिथून पुढं चहा गार होत राहिला.

आमच्या कट्ट्यामागं, अमृततुल्याच्या भिंतीला लागून, एक मोकळा प्लॉट आहे. पाचेक गुंठे असेल. मधोमध जुना उंबर, रस्त्याच्या अंगाला दोन करंज, बाकी गाजरगवत आणि कुणाकुणाच्या बाथरूममधल्या फोडलेल्या टाइल्स. तिथं 'नागरिकांसाठी काहीतरी' व्हायचं घाटतंय. नाना बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळं ते 'काहीतरी' त्यांच्या डोक्यात केव्हाच बांधून तयार होतं: कंपाउंड वॉल, लोखंडी गेट, पेव्हर ब्लॉक, चार ग्रॅनाइटची बाकं आणि मध्ये कारंजं. त्यांची भाची आर्किटेक्ट, नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेली. तिला नानांनीच हौसेनं बोलावलं. तिनं आणलेल्या ट्रेसिंग पेपरवर मात्र ना कारंजं, ना गेट. नुसते तासातासाच्या सावल्यांचे डाग आणि त्यावर टिंबं.

"बांधकाम फारसं नाहीचे, मामा," ती म्हणाली.

"मग निधी खर्ची कसा पडायचा?"

आम्ही हसलो, पण नाना हसले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. टेंडर निघतं दरसूचीवर. दरसूचीत पेव्हर ब्लॉकचा भाव चौरस मीटरवर, ग्रिलचा किलोवर. 'जमीन आहे तशी राहू द्यावी' या कामाला भावच नाही, म्हणून ते काम कुणी काढत नाही. निसर्गाशी नातं वगैरे बोलणाऱ्या तरुण आर्किटेक्ट मंडळींनी आधी ही दरसूची वाचावी असं माझं फार दिवसांचं मत आहे. भाचीनं वाचलेली होती. "माती आणि खडी दोन्ही आहेत तुझ्या दरसूचीत," एवढंच बोलून तिनं कागद पसरला.

"ही टिंबं कसली?" बाळ्यानं विचारलं. बाळ्याची रिक्षा दिवसभर त्या करंजाखालीच असते.

"माणसं. त्यातलं एक तुम्ही."

तिनं वेगवेगळ्या वेळी तिथं बसून कोण येतं, कुठं टेकतं, किती वेळ थांबतं ते मांडलं होतं. सकाळी कडेकडेनं चालणारे आजोबा. शाळा सुटताना आडवाटेनं पळणारी पोरं. आणि सगळ्यात दाट टिंबं दुपारी, उंबराच्या पूर्वेच्या अंगाला, कारण ऊन कललं की सावली तिकडं सरकते: रिक्षावाले, पार्सल पोचवणारी पोरं, सोसायट्यांचे वॉचमन, दोन घरांच्या कामांमधला मोकळा तास काढणाऱ्या बायका. कुणी दगडावर, कुणी फुटक्या टाइल्सच्या ढिगावर, बरेचसे उभेच.

"हे तर शेंबडं पोरही सांगेल," नाना म्हणाले.

"न्यूयॉर्कात सत्तरच्या दशकात विल्यम व्हाइट नावाच्या माणसानं चौकाचौकात कॅमेरे लावून हेच बघितलं. मोठ्या इमारतींपुढं मोकळ्या जागा सोडल्या होत्या, तरी काही भरलेल्या असायच्या आणि काही ओस. का? तर लोक जिथं बसायला जागा असते तिथं बसतात."

"एवढं कळायला कॅमेरे लागले?"

"बांधणाऱ्यांनी बसायला जागाच ठेवली नव्हती, मामा. म्हणून लागले."

नानांनी मोर्चा उंबराकडं वळवला. उंबरं पडतात, चिकचिक होते, माशा येतात, म्हातारी माणसं घसरतात. फांद्या उतरवून बुंध्यापर्यंत ब्लॉक घालून घ्यावेत, धुवायला बरं. यावर भाचीनं जे सांगितलं ते मला त्या दिवसातलं सगळ्यात आवडलं. उंबराची फळं खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात, शेंड्यांना नाही. म्हणजे सडा पडतो तो बहुतेक बुंध्याजवळच, आणि सावली मात्र त्याच्या कितीतरी बाहेरपर्यंत जाते. मग बुंध्याभोवती मातीचं मोठं वर्तुळ सोडायचं, फळं तिथं पडू द्यायची, पाखरं आणि मुंग्या बघून घेतील. बसायचं त्या वर्तुळाच्या बाहेर, पानांच्या छत्रीखाली. बुंध्याला लागूनच पार बांधायचा आणि मग घाण होते म्हणून झाडाला शिव्या घालायच्या, यात झाडाचा काय दोष? दिल्लीत २०१३ साली हरित लवादाला आदेश काढावा लागला होता, की झाडांच्या बुंध्यापासून एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. मुळांना पाणी आणि हवा लागते हे कोर्टानं सांगायची वेळ यावी.

"आणि पादुका आल्या म्हणजे?" नाना म्हणाले. "उंबर म्हणजे दत्ताचं झाड. आज कुणीतरी पादुका ठेवील, उद्या कठडा, परवा पत्र्याची शेड, तेरवा महाप्रसादाची पावती."

यावर कुणीच काही बोललं नाही. पुण्यात राहणाऱ्या माणसाला यात अतिशयोक्ती दिसत नाही.

झाडांवरून आणखी एक फेरी झाली. मी आपलं सुचवलं, की दोनचार बहावे लावा, मे महिन्यात काय दिसतात! भाची म्हणाली, "दिसतात छान, पण ऐन उन्हाळ्यात त्याच्यावर फुलंच असतात, पानं जेमतेम. करंज मार्चमध्ये पानं टाकतो आणि एप्रिलपर्यंत पुन्हा हिरवा. फोटोला बहावा लावा काका, माणसाला करंज." नानांचं म्हणणं, सावलीच हवी तर आठ फुटी कंपाउंड वॉल देईल की. तर ती सरळ खगोलावर गेली. मे महिन्याच्या तेरा तारखेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या काठीलाही सावली नाही. त्या दिवसांत भरदुपारी भिंतीची सावली भिंतीच्याच पायाशी मरते. डोक्यावर काहीतरी आडवं पसरलेलं लागतं, आणि त्यात झाडाइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

"झाड बघून पोट भरत नाही," नाना पुटपुटले.

तेव्हा तिनं रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा अभ्यास काढला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, कडक वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. चांगला अभ्यास आहे, पण आमच्या प्लॉटवर त्याची गरज नव्हती. बाळ्यानं विचारलं, "नाना, एप्रिलात उन्हात उभ्या रिक्षाच्या सीटवर बसलायत कधी?" मुद्दा तिथंच संपला.

खरा वाद गेटचा. नानांना गेट हवंच, आणि गेटला वेळ हवी. सकाळी सहा ते अकरा, मग संध्याकाळी चार ते आठ, पाटीसकट. मधल्या वेळात 'नको ती माणसं' येतात.

मी बराच वेळ गप्प होतो, इथं मात्र राहवलं नाही. पुण्यातली दुकानं एक ते चार बंद यावर विनोद करून करून आपण दमलो. बऱ्याच बागा त्याहून जास्त वेळ बंद असतात, त्यावर कुणी हसत नाही. ज्या तासांना सावली लागते नेमक्या त्याच तासांना सावलीला कुलूप. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला झाडाखाली कोण येतं? ज्याच्या घरी पंखा आहे तो, व्यायामाला. दुपारी एकला येतो त्याला दुसरीकडं टेकायला जागा नसते, आणि त्यालाच आपण 'नको तो माणूस' म्हणतो. वॉकिंग ट्रॅक, ओपन जिम, सेल्फी पॉइंट, हे सगळं सकाळ-संध्याकाळच्या माणसासाठी. दुपारच्या माणसाचं नाव कुठल्या नकाशावर नसतं. भाचीच्या कागदावर पहिल्यांदा बघितलं.

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," नाना म्हणाले. "दारूडे येऊन झोपतील. बाकाला मध्ये दांडा तरी घाला, म्हणजे आडवं होता येणार नाही."

"झोपला तर काय बिघडलं?" बाळ्या उसळला. "पहाटे चारला स्टेशनची भाडी मारतो मी. दुपारी वीस मिनिटं पाठ टेकली तर मी दारूडा?"

भाचीनं मध्यममार्ग काढला नाही, हे मला आवडलं. ती म्हणाली, हात टेकायला दांडा हवा, पण टोकाला. म्हाताऱ्या माणसाला उठताना आधार लागतो. पाठीला लाकडी पट्ट्या हव्यात. ग्रॅनाइट उन्हात चटके देतो, त्यावर 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' कोरलं तरी देतो.

मंजूताई तोवर डबे भरून आल्या होत्या. त्यांचं पोळीभाजी केंद्र पलीकडंच. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "आमच्या बायका इथं बसतील असं दाखवलंयस. बसणार नाहीत."

"का?"

"हा कट्टा बघ. इतकी वर्षं चालतोय, बाई कधी बसलेली पाहिलीस? मी पण उभीच आहे बघ. पुरुष नुसता बसू शकतो. बाई बसली की लोक विचारतात, काय झालं, कुणाची वाट बघताय? हातात काम असलं तर कुणी विचारत नाही. तिथं पाण्याचा नळ दे, डबे धुवायला, भाजी निवडायला एक ओटा दे. मग बसतील. आणि संडास दे. सकाळी घरून निघालेली बाई संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, का ते तुम्हा कुणाला माहीत नसणार."

संडास म्हटल्यावर नाना उठलेच. "त्या संडासाची निगा कोण राखणार? महिन्याभरात नाक धरून जावं लागेल." त्यांचंही खोटं नाही. हा मुद्दा आमच्याकडं सुटला नाही.

नळावरून मात्र गाडी पेठांतल्या हौदांवर गेली. पेशवाईत, १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ टाकून शहरात पाणी आणलं, जागोजागी हौद झाले. नाना या विषयावर फुलतात. काळ्या दगडाचं बांधकाम, उताराचं गणित, एकाही पंपाशिवाय! सार्वजनिक जागा म्हणजे ती, ते म्हणाले. मंजूताई शांतपणे म्हणाल्या, "सार्वजनिक कुणाची?"

१८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा हौदाचा एक दगडही हलला नसेल. कोण पाणी भरू शकतो एवढंच बदललं. माणूस मध्यभागी ठेवून केलेलं डिझाइन म्हणतात त्याचं मला या गावातलं सगळ्यात मोठं उदाहरण हेच वाटतं, आणि ते कुणा आर्किटेक्टनं केलेलं नाही.

नाना थोडे नरमले, पण हरले नाहीत. भाचीनं प्लॉटचा मागचा भाग मुद्दाम मोकळा सोडला होता, लोकच ठरवतील म्हणून. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीत जोतं आणि न्हाणी-संडास तेवढे बांधून दिले, पुढचं घर लोकांनी ऐपतीप्रमाणं वाढवलं, हा तिचा दाखला. त्यावर नाना म्हणाले, "घर ज्याचं त्याचं असतं, म्हणून तो वाढवतो. हा प्लॉट कुणाचा? ज्याचा कुणाचाच नाही तो भाग पार्किंगचा होतो." दिवसातला नानांचा सर्वांत वजनदार मुद्दा. भाचीकडं उत्तर नव्हतं. तिनं पेन्सिलीनं त्या कोपऱ्यात नळ आणि ओटा काढला, एवढंच. जिथं रोज काम चालतं तिथं गाडी लागत नाही, असं मंजूताईंचं म्हणणं.

शेवटी नानांनीच ट्रेसिंग पेपर आपल्याकडं ओढला. कंपाउंड वॉल दीड फूट उंच आणि सव्वा फूट रुंद केली तर? तीच भिंत, तोच कट्टा. दरसूचीत बसते, निधी खर्ची पडतो. गेटच नको, नुसती फट ठेवायची. भाची एकदम खूष. किती रुंद, यावर पुन्हा अडलं. व्हीलचेअर आत जायला नव्वद सेंटीमीटर तरी हवेत, आणि स्कूटरचं हँडल त्याहून अरुंद असतं. म्हणजे जी फट आजींना आत घेते तीच अ‍ॅक्टिव्हालाही घेते. वाकडी वाट काढली, मध्ये खांब रोवला, उंबरठा दिला. दर वेळी आधी व्हीलचेअर अडकायची, मग स्कूटर.

"मग येऊ दे की स्कूटर," मंजूताई म्हणाल्या.

"आणि हाकलायची कुणी?"

"दुपारी? आमच्या बायका बसलेल्या असतील ना तिथं. एकदा घालून तर बघू दे कुणाला."

नानांनी नव्वद लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, "नळाचं सांडपाणी कुठं सोडणार आहेस?"