अकरा सेंटीमीटरपर्यंत अचूक

निघायच्या आदल्या रात्री बायको बॅग भरत होती आणि मी नकाशा भरत होतो. फोनमध्ये. नकाशा घरच्या वायफायवरच उतरवून घ्यावा, ऐनवेळी रेंज दगा देते, हे मी स्वतःच ब्लॉगवर दोनदा लिहिलं आहे. म्हणून यावेळी तो तीन वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये उतरवला. "तुझे कपडे तू घेतलेस ना?" असं तिने विचारलं तेव्हा मी ओपनस्ट्रीटमॅपवरच्या पायवाटा न्याहाळत होतो. 2004 साली सुरू झालेला हा नकाशा जगभरातल्या हौशी मंडळींनी मिळून काढलाय, आणि हौशी माणसाला हमरस्त्यापेक्षा आडवाट प्यारी. त्यामुळे पायवाटा त्यात झकास सापडतात. "घेतले," मी म्हणालो. मुक्कामी पोचल्यावर बॅगेच्या माझ्या कप्प्यातून चार केबल, दोन पॉवर बँका, तीन मेमरी कार्डं आणि एक पायमोजा निघाला.

पॉवर बँका मात्र मी नियमात बसणाऱ्या घेतल्या होत्या. विमानात 100 वॅट-अवरपर्यंतची सहसा चालते आणि तीही हातातल्या सामानात. 20,000 एमएएचची भरते साधारण 74. हा हिशोब मला तोंडपाठ आहे. पायमोजे दोन लागतात हा नाही.

पहिल्याच दिवशी टेकडीवर रेंज गेली आणि माझा जीव वरखाली झाला. फोन डोक्यावर धरून मी झुडपांतून गोल गोल फिरू लागलो.

"काय शोधतोयस?"

"उपग्रह."

"दुपारी?"

खरं तर जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून आपले बोलत असतात, फोन फक्त ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की काम झालं. स्थळाची तीन मापं आणि चौथं काळाचं, कारण फोनचं घड्याळ काही उपग्रहावरच्या अणुघड्याळाइतकं नेमकं नसतं. हे सगळं मला ठाऊक आहे, मी लोकांना समजावतो. पण रेंजच्या काड्या दिसेनाशा झाल्या की माणसाचं शिक्षण उतरतं. एवढं होऊन जीपीएस चोख चाललाच होता, हे घरी आल्यावर कळलं: फिरलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल नकाशावर टाकली तर टेकडीच्या मध्यावर लहान मुलाने पेन्सिल गिरवावी तसा 40 मिनिटांचा गुंता. तो नकाशा मी लेखाला जोडला. एका वाचकाने प्रांजळपणे विचारलं, "या ठिकाणी एवढं पाहण्यासारखं काय आहे?"

चालता चालता लिहायचं म्हणून मी बोलून टंकणारं साधन वापरतो. फार सोयीचं आहे. फक्त वारा नको, चढ नको, धाप नको. म्हणजे आरामखुर्चीत बसून प्रवास केला तर उत्तम चालतं. मी बोललो, "धुक्यात वाट हरवली." लिहिलं गेलं, "दुकानात वाटी हरवली." मी "पूर्णविराम" म्हटलं की ते कधी टिंब द्यायचं, कधी इमानेइतबारे "पूर्णविराम" असा शब्द लिहायचं. इथवर ठीक होतं. पण रात्री बायकोने सहज फोन उचलला आणि तिला दिसलं: "घरी तू बारावर येतो."

"हे कुणी लिहिलंय?"

मूळ वाक्य "दरीतून वारा वर येतो" असं होतं. हे पटवून द्यायला मला बाल्कनीत उभं राहून, धाप लागल्याचं सोंग करून, तेच वाक्य पाच वेळा फोनला ऐकवावं लागलं. पाचही वेळा त्याने ते अचूक लिहिलं.

आता फोटो. डिजिटल फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची कुंडली असते. 1995 पासूनची पद्धत आहे. कुठल्या क्षणी काढला, कुठल्या भिंगाने, आणि फोनचा असेल तर बहुधा कुठे, तेही. माझा कॅमेरा सहा महिने कपाटात निजला होता. आतली बॅटरी उतरली आणि जागा झाला तो थेट स्वतःच्या जन्मवर्षातल्या 1 जानेवारीला. परिणामी फोनमधले फोटो यंदाचे आणि कॅमेऱ्यातले सात वर्षांपूर्वीचे. एकाच कठड्यावर बायको यंदा बसलेली, मी सात वर्षांमागे तिच्याकडे बघून हसतोय.

यावर सोपा उपाय आहे: पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवायचा. फरक किती ते कळतं, मग एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्राम सगळ्या फोटोंच्या वेळा एका आज्ञेत सरकवतो. मी तो फोटो काढला होता! अभिमानाने उघडला. घड्याळात 6:10 वाजले होते. सकाळचे की संध्याकाळचे, हे बारा तासांच्या घड्याळात लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या फोटोत अर्धा सूर्य होता, पण अर्धा सूर्य चढतोय की उतरतोय हे तो स्वतः सांगत नाही. लेखात मात्र "उगवत्या सूर्याला नमस्कार करून आम्ही निघालो" हे वाक्य लिहून झालं होतं आणि ते माझं लाडकं होतं.

"तो मावळतीचाच," बायको म्हणाली. "तू सहाला कधी उठलायस?"

सगळे फोटो मुकाट्याने 12 तास सरकवले.

या कुंडलीने मला आणखी एकदा उघडं पाडलंय. मागे मी एका तळ्याबद्दल भारावून लिहिलं होतं, की गर्दीने नासू नये म्हणून जागेचं नाव मुद्दाम सांगत नाही. सोबत फोनवर काढलेला मूळ फोटो, पोटात अक्षांश-रेखांश शाबूत. समाजमाध्यमं बहुधा ही माहिती काढून टाकतात. स्वतःच्या ब्लॉगवर ती तशीच जाऊ शकते. पुढच्या रविवारी तिथे बरीच मंडळी पोचली. त्यातल्या एकाने मला आभाराचं पत्र लिहिलं.

साठवणीबाबत मी कट्टर आहे. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला 3-2-1 चा नियम पाळतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. माझ्या तीन प्रती म्हणजे कार्ड, लॅपटॉप आणि हार्ड डिस्क. दुसरी जागा म्हणजे बॅगेचा दुसरा कप्पा. ही बॅग परतीच्या बसमध्ये राहता राहता वाचली, तीही बायकोला तो एकटा पायमोजा आठवला म्हणून.

घरी येऊन लिहायला बसलो. फोटो स्क्वूशमध्ये टाकून बारीक केले. ब्राउझरमध्येच चालतं, पाच एमबीचा फोटो दोन-तीनशे केबीत येतो आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मग लेख तपासणारं साधन लावलं, जे वाचनीयतेला लाल-हिरवे दिवे दाखवतं. माझे सगळे लाल. मुख्य शब्द शीर्षकात हवा, पहिल्या परिच्छेदात हवा, फोटोच्या वर्णनातही हवा, असा त्याचा हट्ट. पुरवला. दिवा हिरवा झाला तेव्हा लेख असा सुरू होत होता: "तळ्याकाठी वसलेलं हे तळं तळ्यांमधलं एक सुंदर तळं आहे."

तो मसुदा बायकोने वाचला. खाली मी ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दिले होते, दशांशानंतर सहा आकडे. सहावा आकडा म्हणजे जमिनीवर जेमतेम 11 सेंटीमीटर. उघड्या आभाळाखालीसुद्धा फोनचा अंदाज पाचेक मीटर इकडे-तिकडे होतोच, पण बोलणं सेंटीमीटरमध्ये. प्रत्येक घरात असे एक मामा असतात. रस्ता चुकवतात, पण पावलं मोजून.

"सगळं आलंय," ती म्हणाली. "पण पाणी गार होतं का रे? मी पाय सोडून बसले होते, आठवतं? तुला चार हाका मारल्या."

"थांब, बघतो," मी म्हणालो आणि फोनमध्ये तळं शोधायला घेतलं. तिच्या पाण्यातल्या पायांचे 17 फोटो निघाले. वेळ दुरुस्त केलेली, जागा 11 सेंटीमीटरपर्यंत अचूक.