किल्ली देण्याआधी लायसन्स बघा

'मित्राने गाडी ठोकली तरी विमा आहेच, मालकाने घाबरू नये' हे मित्राला गाडी देण्यावरच्या एका लेखात वाचलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. भरपाईच्या दाव्यात त्यालाही ओढतातच. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, तर बरेचदा विमा कंपनी जखमीला पैसे देते आणि नंतर मालकाकडून वसूल करते.

माझा मेहुणा एकदा 'भावजी, तासाभरात आणून देतो' म्हणत किल्लीला हात घालून उभा. लायसन्स मागितलं, उलटसुलट करून पाहिलं, तर मुदत संपून चार महिने झालेले! तोंड पाडून रिक्षाने गेला. दोन दिवस बोलला नाही, चालतंय.

अल्पवयीन मुलाच्या हाती दिली तर प्रकरण आणखी वाईट: २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद.

आणखी एक, लेखात नसलेलं. गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा खटल्यात म्हटलंय. म्हणजे दुसरं वाहन गुंतलेलं नसताना तोच दगावला, तर त्याच्या घरच्यांना त्या गाडीच्या विम्यातून तिऱ्हाइताची (म्हणजे अपघातात सापडलेल्या बाहेरच्या माणसाची) भरपाई मागता येत नाही.