व्यायामाने ‘गंजणारे’ स्नायू आणि सी-ईच्या गोळ्या

आमच्या रनिंग ग्रुपवर दर हिवाळ्यात एक मेसेज उगवतो. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली, रविवारचे लांब पल्ले सुरू झाले, की कुणीतरी तो पुढे ढकलतं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मेसेज साधारण असा: “व्यायामाने शरीरात फ्री रॅडिकल्स तयार होतात. लोखंड गंजतं तसे स्नायू आतून गंजतात. म्हणून रोज व्यायामानंतर व्हिटॅमिन सी १००० मिलीग्रॅम आणि व्हिटॅमिन ई ४०० घ्या. स्टॅमिना वाढेल, अंग दुखणार नाही, सर्दी होणार नाही. जादा झालं तर लघवीवाटे निघून जातं, अपाय शून्य!”

मी स्वतः दोन वर्षं या गोळ्या इमानेइतबारे घेत होते, त्यामुळे कुणाला हसायचा मला अधिकार नाही. पण मेसेज वाक्यावाक्याने तपासण्यासारखा आहे.

“फ्री रॅडिकल्स तयार होतात.” होतात. हे म्हणजे आजूबाजूच्या रेणूंवर चटकन झडप घालणारे अस्थिर रेणू; त्यांना आवरणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात, आणि सी आणि ई ही दोन्ही त्यातलीच. १९८२ साली अमेरिकेत बर्कलीला केल्विन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत आणि यकृतात ते दोन ते तीन पट वाढल्याचं मोजून दाखवलं. मेसेजची खरी ताकद इथेच आहे. पहिलं वाक्य खरं निघालं की पुढची सगळी त्याच्यामागून बिनतिकीट आत शिरतात.

“स्नायू गंजतात.” गंज चढताना लोखंड नुसतं पडून असतं. स्नायू पडून राहत नाही, तो उलट उत्तर देतो. विहिरीचा दोर ओढायची सवय नसलेल्याच्या तळहाताला पहिल्या दिवशी फोड येतात, महिन्याभराने तिथे घट्टे पडतात आणि तोच हात दोराला पुरून उरतो. पेशीतही काहीसं असंच घडतं. व्यायामात तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीतल्या काही प्रथिनांना जाऊन भिडतं. त्यातलं एक प्रथिन एरवी एनआरएफ-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. पकड सैल झाली की एनआरएफ-२ थेट पेशीकेंद्रात जातं आणि संरक्षणाची जनुकं चालू करतं. मग शरीर आपली स्वतःची अँटिऑक्सिडंट विकरं जास्त बनवायला लागतं: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज वगैरे. पीजीसी-१ अल्फा नावाचं आणखी एक प्रथिन जागं होतं आणि पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढवायच्या कामाला लागतं. व्यायामाने आपण ‘फिट’ होतो म्हणतो, त्यातला मोठा भाग हाच. अति झालं तर नुकसान होतं, हे खरंच. पण दिवसाआड दहा किलोमीटर पळणं म्हणजे अति नव्हे.

म्हणजे फ्री रॅडिकल्स हा पेशीसाठी एक निरोपही असतो. आता या निरोपाच्या वाटेवरच बाहेरून सी-ईचा मोठा डोस आणून ओतला तर? जर्मनीत मिखाएल रिस्टो यांच्या गटाने २००९ साली हेच पाहिलं. सुमारे ४० निरोगी तरुण, चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस व्यायाम. निम्म्यांना रोज १००० मिलीग्रॅम सी आणि ४०० युनिट ई, म्हणजे अगदी मेसेजमधलाच डोस. त्यांनी वेळ किंवा वेग मोजला नाही, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर किती प्रतिसाद देतं ते मोजलं. गोळ्या न घेतलेल्यांचा प्रतिसाद सुधारला. घेतलेल्यांचा सुधारला नाही. वर सांगितलेली संरक्षक विकरं वाढल्याच्या खुणाही गोळ्या न घेतलेल्यांमध्येच दिसल्या.

हा निष्कर्ष मला पळणाऱ्यांपेक्षा चालणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे सकाळी बागेत फेऱ्या मारणाऱ्या काका-काकूंपैकी कितीतरी जण शुगरसाठीच चालतात. त्यांनी घरी येऊन नेमकी हीच गोळी घ्यायची, हे काही मला पटत नाही. अर्थात रिस्टोंच्या प्रयोगातले सगळे निरोगी तरुण होते, मधुमेही नव्हते, तेव्हा तो निष्कर्ष काकांना जसाच्या तसा लावता येणार नाही.

“स्टॅमिना वाढेल.” हे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. उलटा पुरावा मात्र आहे, तोही थोडा सांभाळून वाचायला हवा. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी २००८ साली सी देऊन सराव करवलेल्या उंदरांची पळण्याची क्षमता इतरांच्या मानाने फारच कमी वाढली. त्याच अभ्यासातल्या माणसांमध्ये फरक तसा दिसला, पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. ऑस्लोमध्ये २०१४ साली ५४ जणांनी ११ आठवडे सराव केला. मायटोकॉन्ड्रिया वाढल्याच्या खुणा फक्त गोळ्या न घेतलेल्यांच्या स्नायूंत मिळाल्या, पण ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन्हीकडे सारखीच, सुमारे ८ टक्क्यांनी वाढली. कोपनहेगनच्या २०१० मधल्या अभ्यासात तर दोन गटांत फरकच पडला नाही.

म्हणून या मेसेजला उत्तर म्हणून हल्ली जो दुसरा फिरतो, “व्हिटॅमिन सी घेतलं की सगळा व्यायाम पाण्यात”, तोही मी पुढे पाठवत नाही. स्नायूच्या आत काहीतरी दबतं, इतकं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. त्याने तुमची २१ किलोमीटरची वेळ बिघडेल, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. वजनं उचलणाऱ्या ज्येष्ठांनी मात्र एक आकडा लक्षात ठेवावा. नॉर्वेत साठी ओलांडलेल्या पुरुषांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला, तेव्हा चरबी सोडून उरणारं वजन गोळ्या न घेतलेल्यांचं ३.९ टक्के वाढलं आणि सी-ई घेतलेल्यांचं १.४ टक्के. ज्या वयात स्नायू टिकवण्यासाठीच जिमची फी भरायची, त्या वयात हा फरक थोडका नाही.

“अंग दुखणार नाही.” दुखतं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये ५० अभ्यास, हजारावर माणसं एकत्र तपासली. वाढीव अँटिऑक्सिडंट घेऊन दुखणं जाणवण्याइतकं कमी होत नाही.

“सर्दी होणार नाही.” इथे मेसेज अर्धा जिंकतो, आणि ते कबूल करायला हवं. सर्वसामान्य लोकांची सर्दी व्हिटॅमिन सीने टळत नाही. पण मॅरेथॉन धावणारे, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा एकूण ५९८ जणांवरच्या पाच चाचण्यांत रोज सी घेणाऱ्यांना सर्दी जवळपास निम्मीच झाली. मोठ्या शर्यतीच्या तोंडावर कुणी काही दिवस सी घेतलं तर मी वाद घालणार नाही. वर्षभर रोज, आणि सोबत ईसुद्धा, याला मात्र या चाचण्यांचा आधार नाही.

“जादा लघवीवाटे जातं, अपाय शून्य.” यातली एक गोळी पाण्यात विरघळणारी, दुसरी चरबीत. सी बाहेर पडतं, पण जाता जाता त्याचा काही भाग ऑक्सॅलेट (बहुतेक मुतखडे ज्यापासून बनतात तो पदार्थ) होऊन मूत्रपिंडातून जातो. स्वीडनमध्ये २३ हजारांहून जास्त पुरुषांच्या पाहणीत सीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. ज्याला एकदा खडा होऊन गेलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ई तर असं निघून जातच नाही, ते शरीरात साठतं. अमेरिकेतल्या ३५ हजार पुरुषांच्या मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. घाबरवणारे टक्के सोडून बोलायचं तर सात वर्षांत दर हजारी ६५ ऐवजी ७६ जणांना. धोका छोटा आहे, पण शून्य नव्हे, आणि बदल्यात हाती काय लागतं ते वर आलंच. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ई घेऊच नये.

दोन शंका ग्रुपवर नेहमी येतात. पहिली, “मग पेरू-आवळाही बंद का?” अजिबात नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ८० मिलीग्रॅम सी लागतं, बाईला ६५, आणि मध्यम आकाराच्या एका पेरूत ते सहज मिळतं. मेसेजमधला १००० मिलीग्रॅमचा डोस याच्या बारा ते पंधरा पट आहे. दुसरी, “माझ्या शरीरात सी खरंच कमी असेल तर?” तर गणित बदलतं. रक्तात सी कमी असलेल्या तरुणांना महिनाभर ते दिलं तेव्हा त्यांची क्षमता वाढल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं आहे. तेव्हा कुणाला डॉक्टरांनी कमतरतेसाठी गोळी लिहून दिली असेल, तर माझं हे लिखाण वाचून ती बंद करू नका.