यिर्मयाच्या नावावर हनन्याचा संदेश

नवीन वर्ष असो, दहावीचा निकाल असो की नोकरीची मुलाखत, बायबलमधलं यिर्मया 29:11 हे वचन फॉरवर्ड होतंच. खाली मजकूर असतो: “हे वचन तुझ्यासाठी आहे. देवाच्या योजना तुझ्या हिताच्या आहेत. शांतपणे वाट पाहा, याच वर्षी सगळं पालटेल.” वचन मला जिवापाड प्रिय आहे, म्हणूनच त्याखालचा मजकूर खोडून काढावासा वाटतो.

“तुझ्यासाठी.” इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाची राजधानी यरुशलेम घेतलं आणि तिथला राजा यहोयाखीन याच्यासह हजारोंना बाबेलला नेलं. त्या अख्ख्या पाडाव झालेल्या समाजाला यिर्मया या संदेष्ट्याने लिहिलेल्या पत्रातलं हे वचन आहे.

“याच वर्षी.” आदल्याच वचनात मुदत दिली आहे: 70 वर्षं. म्हणजे पत्र ऐकणारी बहुतेक कर्ती माणसं परदेशातच मरणार होती. ‘लवकरच’ म्हणणारा संदेष्टाही तेव्हा होता, हनन्या. त्याने मंदिरात, सगळ्यांदेखत, यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या सत्तेची खूण असलेलं लाकडी जू काढून मोडलं आणि सांगितलं की दोन वर्षांत राजा, लोक, मंदिरातली पात्रं, सगळं परत येईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने त्याला तोंडावर खोटं ठरवलं. आज आपण हनन्याचाच संदेश यिर्मयाच्या नावावर एकमेकांना पाठवतो आहोत.

“वाट पाहा.” पत्र तर सांगतं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी! बाबेलकडच्या मातीच्या पाट्यांवर ‘यहूदाचं गाव’ अशा वस्तीतल्या लोकांचे व्यवहार आजही वाचता येतात: जमीन कसणं, कर भरणं, कर्ज घेणं.

मग यात आशा कुठे, असं कुणी विचारेल. त्यांनी 32वा अध्याय वाचावा. यरुशलेमला वेढा पडलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी तो चुलतभाऊ हनमेलकडून अनाथोथचं शेत विकत घेतो. 17 शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार घेतो, मोहोरबंद खरेदीखत आणि त्याची उघडी प्रत आपला लेखनिक बारूख याला मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं त्याला देवाने सांगितलेलं असतं. पुढे शहर पडलं, त्याला मिसरला, म्हणजे इजिप्तला, नेलं, आणि ते शेत त्याने कसल्याचा उल्लेख कुठेच नाही.